दाजींचं सव्वीसचं चाक

भोर-वेल्ह्यात डोंगराच्या पाया पडणारे पुष्कळ. डोंगराला चाकाचं माप लावणारा माणूस एकच झाला. तो म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी देवीची लस टोचायची, म्हणून गावोगाव ते 'देवी डॉक्टर'. माझं भोरला सायकलचं दुकान. दाजी आले की लशीची पेटी फळीवर ठेवत आणि चाकांवर बोलू लागत. अठ्ठावीस इंचाचं चाक सपाटीचं, सव्वीसचं चढाचं. धाकटं चाक एका फेऱ्यात थोडंच पुढं जातं, म्हणून पायाला हलकं पडतं. हे त्यांनी मला डब्यातल्या लहानमोठ्या दोन भाकरी फळीवर गडगडवून समजावलं आणि मग त्याच भाकरी झटकून खाल्ल्या. शेवटी पुढं अठ्ठावीस, मागं सव्वीस अशी सायकल माझ्याकडून करवून घेतली. गिऱ्हाइकं हसायची, "डॉक्टर, सायकल कुत्र्यावानी बसलीया की!" दाजी शांतपणे म्हणत, "बसली न्हाई. उडी घ्यायच्या तयारीत हाय." आणि खरंच, जिथं आम्ही तरणे उतरून सायकल ढकलायचो, तिथं दाजी सीटवरून न उठता चढायचे. वर बोलायचेसुद्धा! मागं धापा टाकणाऱ्या मला रस्त्याकडेच्या झाडांची नावं सांगायचे. मुरमाच्या चढाला हवा जरा कमी ठेवत. "टायरनं खडा धरला पायजे, उडवला न्हाई पायजे."

आता इतकी वर्षं जे बोललो नाही ते. पासलीला लस टोचायला जायचं म्हणून दाजींनी नवं टायर सांगून ठेवलं होतं. दुकानात सव्वीसचं एकच होतं, ते मी आदल्या दिवशी शिवऱ्याच्या एका गिऱ्हाइकाला घालून दिलं. दाजी काय, घरचेच! त्यांना जुनं घातलं. चिरलेल्या जागी आतून गेटर, म्हणजे टायरचाच तुकडा, लावला आणि वरून काळा रंग फासला. पासलीच्या चढावर ते फुटलं. दाजी पडले, गुडघा सोलून निघाला. तरी सायकल खांद्यावर टाकून वर गेले, गावातली सगळी पोरं टोचली आणि तिसऱ्या दिवशी लंगडत दुकानात आले.

"चुकलंच माजं. सगळा भार मागच्या चाकावर. धाकट्याला सोसला न्हाई. अठ्ठावीस घाल."

सरकलेला गेटर माझ्या मुठीत होता. मी म्हणालो, "व्हय, दाजी."

त्यानंतर चढ आला की दाजी चारचौघांसारखे उतरून चालू लागले. चाकांवरचं बोलणंही बंद झालं. ते मला बघवत नसे आणि सांगवतही नसे.

गेल्या महिन्यात सांगितलं. दाजी आता पेन्शनीत आहेत, कानानं कमी ऐकतात. सगळं दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजी फुटलं ते टायर? चाक न्हाई?"

"चाक न्हाई, दाजी."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना. आत बघून त्यांनी माझ्या बहिणीला हाक मारली, "आगं, ऐकलंस का? सव्वीसच बराबर व्हतं!"

मला त्यांनी एक शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.