मामींच्या शेडचा रस्ता

माझ्या मामेसासऱ्यांइतका दुसऱ्याच्या छपरावर डोळा ठेवून जगणारा माणूस अख्ख्या कॉव्हेंट्रीत सापडायचा नाही. आमच्या शेजारीच राहतात. रस्ते बांधणाऱ्या कंपनीतून रिटायर झाले, पण डोक्यातलं डांबर काही गेलं नाही. कुणी बागेतल्या शेडचं छप्पर बदलायला काढलं की हे हजर! जुनी डांबरी कौलं कचऱ्याच्या स्किपमध्ये पडू द्यायची नाहीत, खिळे उपटून आमच्या गराजमध्ये आणून रचायची. "अगं, सोनं आहे हे! दळून डांबरात मिसळलं की रस्ता होतो." एका बारशाला तर यजमानांच्याच शेडवर चढून बसले. नाव ठेवून झालं, पेढे वाटून झाले, तरी खाली येईनात. म्हटलं, "अहो मामा, उतरा, लोक बघताहेत!" तर म्हणे, "बघू देत, त्यांचंही गळतंय."

शेवटी जुनी कंपनी त्यांच्या हट्टापुढे नमली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा रस्त्याचा एक तुकडा करून बघायचं ठरलं. हिवाळ्यात टिकला तर पुढचे रस्ते तसे. उखडला तर सगळी कौलं पुन्हा कचऱ्यात. आणि नेमका ऐनवेळी माल कमी पडला. मामा एका सकाळी स्वतःच्याच शेडवर चढले आणि कौलं उपटू लागले. ती शेड गेलेल्या मामींची. तिथे बसून त्या गोधड्या शिवायच्या, बूट काढल्याशिवाय कुणाला आत घ्यायच्या नाहीत. हिरवी कौलंही त्यांनीच हट्टानं निवडलेली. मला रडूच आलं. मामा वरून म्हणाले, "रडतेस काय? तिला घरात बसायचा कंटाळाच होता."

मग काय, सगळा हिवाळा आमचा जीव टांगणीला. बर्फ पडला की ड्रेसिंग गाऊनवर मामा बाहेर! पण त्या तुकड्यावर पाय ठेवायचे नाहीत, कडेकडेने फिरायचे. मार्चमध्ये कौन्सिलचा इन्स्पेक्टर तपासायला आला. त्याला काहीतरी दाखवायच्या नादात मामांचा बूट तुकड्यावर पडला. झालं! पाय लागल्यावर आपण करतो तसं त्यांनी वाकून रस्त्याला हात लावला आणि कपाळाला टेकवला. इन्स्पेक्टरचा चेहरा पडला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला भेग सापडली! बिचारा गुडघ्यांवर बसून टॉर्च मारत शोधू लागला, कड न् कड चाचपून मग उठला आणि पँट झटकत म्हणाला, "नथिंग. इट्स परफेक्ट, सर."

सुटलो बाई एकदाचे! मी तिथेच हात जोडले. इन्स्पेक्टर गेल्यावर मामा फूटपाथच्या कडेला मटकन बसले. म्हटलं, "मामा, आता तरी चाला की बिनधास्त!" त्यांनी बूट काढले, मोजे काढून नीट बुटांत खोचले.

"जरा आत जाऊन येतो गं," म्हणाले, आणि त्या तुकड्यावर अनवाणी चालू लागले. मी त्यांचे बूट सांभाळत उभी राहिले.