रोहेलियोला सातला गायचं होतं

रोहेलियो गार्सा मेक्सिकोतल्या मोंतेरेचा. वडील पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. २००१ साली तो इलिनॉयमध्ये मामाकडे आला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दिवसा घरांच्या आतल्या भिंतींना जिप्समचे बोर्ड बसवायचा. सुट्टीच्या दिवशी शिकागोतल्या बारमध्ये आपल्या बँडबरोबर गायचा. गाणी रॉक, भाषा स्पॅनिश, सगळी स्वतः लिहिलेली.

२००३ मध्ये माझ्या मुलाच्या, श्रीरंगच्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरी तो तळघराचं काम करायला आला. मी पिंपरीत बत्तीस वर्षं लेथ चालवली. दुसऱ्याचं काम हाताने तपासायची सवय जात नाही. त्याच्या भिंतीवरून हात फिरवला. सांधा कुठे आहे ते कळलं नाही. त्या दिवसापासून त्याला दोन वेळा चहा द्यायला लागलो.

काम करताना सुचलेली ओळ तो बोर्डाच्या मागे पेन्सिलीने लिहायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वहीत उतरवायचा. चाळीसातल्या आठ ठेवायचा.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"त्या तुमच्या भिंतीत राहतील, काका."

शेजारची मुलं म्हणायची म्हणून तोही मला काका म्हणायचा. आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकं होतं, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे.

बारमधली साउंड सिस्टिम तोच सांभाळायचा. म्हणून माझ्या सुनेने, सुमेधाने, २००५ च्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला त्याला साउंडसाठी बोलावलं. शनिवार, शाळेचा हॉल, दोन ते पाच. त्याच संध्याकाळी सातला शिकागोत त्याच्या बँडचं गाणं होतं. ते ऐकायला टेक्सासहून एका लहान रेकॉर्ड कंपनीची मालकीण येणार होती. चार वर्षांत असं कुणी पहिल्यांदाच येत होतं. सुमेधाने दाखवलेल्या छापील वेळेवर त्याने विश्वास ठेवला. मंडळ त्याला नवीन होतं.

पाच वाजले तेव्हा नाटुकलं चालू होतं. फॅन्सी ड्रेस, बक्षिसं आणि अध्यक्ष शशिकांत यांचं भाषण बाकी होतं.

"काका, जस्ट टेन मिनिट्स," शशिकांत म्हणाले. चार वाजताही हेच म्हणाले होते.

रोहेलियो साउंडच्या मिक्सरवरचा हात काढेना.

"नीघ," मी म्हटलं.

"मशीन चालू आहे. कुणाच्या हातात देऊ?"

प्रश्न बरोबर होता. बदली माणूस आल्याशिवाय आम्हीही मशीन सोडत नसू. दोन्ही तालमींना मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

"माझ्या हातात दे. पण चार्ज नीट दे."

त्याने चार माइकची चार सरकती बटणं दाखवली. स्पीकरमधून शिट्टी आली तर कोणतं खाली घ्यायचं ते दाखवलं.

"आता तुम्ही करा."

केलं.

"परत."

परत केलं. तिसऱ्यांदाही करून घेतलं, मग गिटार उचलून पळाला. पाच पंचवीस झाले होते आणि शनिवारच्या गर्दीत शिकागोला दीड तास लागायचा.

आमचा कार्यक्रम पावणेआठला संपला. शशिकांतांच्या भाषणात एकदा जोरात शिट्टी वाजली. चूक माझी. वांग्याच्या वेशातली एक मुलगी खुर्चीत मावत नव्हती, तिच्याकडे बघत होतो.

"बाबा, मुद्दाम केलंत ना?" सुमेधाने विचारलं.

मुद्दाम नव्हतं. भाषण मात्र तिथेच आटोपलं.

रविवारी रोहेलियो सांगायला आला. तो दहा मिनिटं उशिरा पोचला. तोवर ड्रमवाल्याने एकट्याने वाजवून लोक थोपवून धरले होते. पाच गाणी ठरली होती, वेळेत चारच बसली.

"मालकीण म्हणाली, पाचवं कुठे आहे? मग पार्किंगमध्ये गाडीला टेकून तिला पाचवं ऐकवलं."

"आणि?"

"रेकॉर्ड करू म्हणाली."

२००६ मध्ये अकरा गाण्यांची सीडी आली. बोर्डांचं काम त्याने आणखी वर्षभर सोडलं नाही. २००८ च्या वसंतात बँड मोंतेरेला गेला. वडील पहिल्या रांगेत, पूर्ण वेळ उभे.

"काय म्हणाले?" परत आल्यावर मी विचारलं.

"म्हणाले, तिसरं गाणं लांबलं."

"मग?"

"खरं होतं, काका. दुसऱ्या दिवशी एक कडवं काढून टाकलं."