हृदय ठणठणीत आहे

सुरतेत प्लेग आला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझ्या भित्रेपणाची गल्लीत जी चर्चा झाली, तीत हा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही. पांडेसरा या सुरतेच्या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या गल्लीतली माणसं मिळेल त्या गाडीला लोंबकळत खान्देशात परतली. गावाने आम्हाला आत घेतलं नाही. वेशीबाहेरच्या शाळेच्या पडवीत ठेवलं. तिथे रोज कुणीतरी खोकायचं आणि बाकीचे सरकून बसायचे. मी मात्र बरोबर आणलेलं पुस्तक वाचत होतो. झोपही चांगली लागत होती.

पडवीत आणखी एक माणूस शांत होता, तो म्हणजे आप्पा. आप्पा आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष. नारळ फोडायचा असला की आप्पा लागत, आणि नारळ नसला तरी आप्पा असतच. रोज संध्याकाळी ते उभे राहून ‘मन खंबीर असेल तर रोग जवळ येत नाही’ या विषयावर बोलत. ऐकणारे बायकामुलांसकट तिथेच अडकलेले असल्यामुळे सभा भरगच्च होई.

सगळं निवळल्यावर आम्ही सुरतेला परतलो. मिल सुरू झाली, रस्ते पूर्वी कधी नव्हते इतके स्वच्छ झाले. चार-पाच महिने गेले. घाबरण्यासारखं काहीही उरलं नव्हतं, आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा झालं.

मी साड्यांचं कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये शेड जुळवायचो. व्यापारी नमुन्याचा तुकडा पाठवतो. मशीनमधून निघालेल्या कापडाचा तुकडा कापून, इस्त्रीने वाळवून, त्याच्याशेजारी ठेवायचा आणि रंग तंतोतंत जुळला की लॉट पास करायचा. हे काम बिनखिडकीच्या छोट्या खोलीत, ठरलेल्या दिव्याखाली चाले. दार लावून घ्यावं लागे, कारण बाहेरचा उजेड आत आला की रंग खोटा दिसतो. त्या दिवशी मी दोन मोरपंखी तुकडे पाहत होतो. अचानक छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला. आपण आत्ता, या टेबलावर मरणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मी दार ढकलून बाहेर पळालो. मिलच्या आवारात पाच मिनिटं उभा राहिलो आणि मेलो नाही.

मी माझ्या परीने निदान केलं : प्लेग. तेव्हा सुरतेतल्या प्रत्येक घरात साथीत घेतलेल्या कॅप्सूलची उरलेली एखादी तरी पट्टी होती. मी एक गिळली. पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं, पुन्हा गिळली. तिसऱ्यांदा लक्षात आलं, की पाच मिनिटांत येऊन पाच मिनिटांत जाणारा प्लेग नसतो. मग गल्लीने गॅस ठरवला. ओवा झाला, हिंग झाला. मग मी हृदयावर आलो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे.” मी दुसरीकडे जाऊन पुन्हा काढली, मग तिसरीकडे. बायकोने तिन्ही पट्ट्या रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवल्या.

तिसऱ्या डॉक्टरांनी एकदा मनाच्या डॉक्टरांना भेटा असं सुचवलं. आता, गल्लीत पुस्तकांचं कपाट असलेलं एकुलतं एक घर माझं. भगताकडे जाणाऱ्यांना मी हसायचो. पण त्या सूचनेला मी ज्या तुच्छतेने नकार दिला, त्यापुढे भगत बराच मोकळ्या मनाचा म्हणायचा. मन म्हणजे माझी स्वतःची गोष्ट, ती मला वाचून कळते, अशी माझी समजूत होती. शिवाय तिथल्या गोळ्या झोपेच्या असतात, त्या सुटत नाहीत, त्यांनी नजर मंदावते, हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही.

दरम्यान मी खोलीत थांबायचं टाळू लागलो. तुकडे शेजारी ठेवायचे, एक नजर टाकायची, पास लिहायचं आणि बाहेर. व्हायचं तेच झालं. मरून रंगाचा एक अख्खा लॉट तपकिरीकडे झुकलेला निघाला आणि व्यापाऱ्याने तो परत पाठवला. रंगखात्याचे प्रमुख, कलर मास्तर, सुरतीच होते. माझ्याशी हिंदीत आणि संतापले की गुजरातीत बोलत. त्या दिवशी ते हिंदीत बोलले, ते जास्त वाईट होतं.

“एक लॉट और वापस आया, तो गेट के बाहर. समझा?”

समजलं. मला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. बारा वर्षांत मी डोळ्यांखेरीज काही कमावलं नव्हतं. ती खोली गेली की सुरत गेली.

म्हणून मी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. शहराच्या दुसऱ्या टोकाचा, नदीपलीकडचा दवाखाना निवडला आणि सुट्टीच्या सोमवारी गेलो. विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांच्या भागांना सुट्टीचे वार वेगवेगळे वाटून दिलेले होते. सोमवारी बाकी शहर कामावर असतं, तेव्हा ओळखीचं कोण भेटणार, असा माझा हिशेब. सोमवारी अख्खा पांडेसराच मोकळा असतो, हे त्या हिशेबात राहून गेलं.

बाकावर आप्पा बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर टोपी.

“तुम्ही? इकडे कुठे?” आप्पा दचकून म्हणाले.

“दात दुखतोय.”

“दाताचा वरच्या मजल्यावर.”

“आणि तुम्ही, आप्पा?”

“एक पाहुणा आहे आपला. आत गेलाय. त्याला सोबत म्हणून आलो.”

तेवढ्यात कंपाउंडरने आप्पांचं नाव पुकारलं, आडनावासकट. आप्पा उठले.

“पाहुण्याचंही नाव तेच दिसतंय,” मी म्हणालो.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. जीभ चुरचुरीत असली की ती वापरायचा मोह होतो. आप्पा आत जाताना वळून माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मला ओळखायला हवी होती. मी खोलीत असताना माझी तशीच होत असणार.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी तिन्ही पट्ट्या नीट पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या.

“तुम्ही पळता. पळाल्यावर किती वेळाने बरं वाटतं?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“पाच मिनिटांनी.”

“आणि न पळता थांबला असता तर?”

“मेलो असतो.”

“थांबून पाहिलंय कधी?”

त्या सांगू लागल्या, की भीती खरी आहे, पण धोका नाही. दौरा, म्हणजे भीतीचा झटका, चढतो, टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. तुम्ही टोकाला पोचायच्या आधीच पळता, म्हणून तो उतरताना तुम्ही पाहिलेलाच नाही. आणि शरीराला वाटतं, पळालो म्हणून वाचलो. त्यांनी रोज एक गोळी दिली. ती झोपेची नाही, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि मला न विचारता बंद करायची नाही, असं बजावलं. नजरेचं विचारल्यावर म्हणाल्या, “डोळ्यांत काही फरक वाटला तर लगेच येऊन सांगा. ऐकीव गोष्टींवरून बंद करू नका.”

दोन दिवसांत गल्लीला कळलं. नळावर एक बाई माझ्या बायकोला सगळ्यांदेखत अहिराणीत म्हणाली, “तुन्हा नवरा येडास्ना डाक्टरकडे जास का वं?” बायको हंडा अर्धाच भरून घरी आली.

“आप्पांनीच सांगितलं ना?” ती म्हणाली.

“त्यांच्याशिवाय कोण?”

“मग मी पण सांगते ना, ते स्वतः कुठे बसले होते ते. आत्ता जाते, हंडा भरायचाच आहे.”

“नको.”

“का? मोठेपणा दाखवायचाय का?”

“नाही. आप्पा औषध बंद करतील.”

तिने हंडा उचलला. मग म्हणाली, “लोकांना मन खंबीर करायला सांगत फिरतात, आणि तुम्ही त्यांच्या गोळ्यांची काळजी करता.” पण हंडा घेऊन गेली ती काही न बोलता भरून आली. हे तिला किती जड गेलं, ते त्या दिवशीच्या करपलेल्या भाकरीवरून कळत होतं.

गल्ली आणि मिल यांत अंतर फार नव्हतं. तीन आठवड्यांनी मास्तरांनी मला रंग तोलायच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर गाठलं.

“सुना है पागलों के डॉक्टर के पास जाता है?”

तराजूवरचे हात थांबले. दात दुखतोय म्हणायची सोय इथे नव्हती.

“जाता हूं. पागल नहीं हूं. डर का दौरा पडता है.”

“किसका डर?”

“किसी का नहीं. वही तो बीमारी है.”

कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. “गोली से आंख बिगडी तो शेड कौन देखेगा? तेरा डॉक्टर?” त्यांनी हातातला ओला तुकडा माझ्यापुढे धरला. मरून. त्याच व्यापाऱ्याचा, पुन्हा रंगवलेला लॉट. “चल. मैं साथ बैठता हूं.”

आम्ही आत गेलो. मास्तरांनी दार लावलं, दिवा लावला आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसले. मी तुकडा वाळवला, नमुन्याशेजारी ठेवला. दोन्ही मरून होते. त्यापलीकडे मला काही दिसेना, कारण धडधड सुरू झाली होती.

ती नेहमीसारखीच आली. मुंग्या, घसा, तोंडाला कोरड. गोळ्यांनी ती येणारच नाही अशी मी गुपचूप आशा धरली होती, ती फोल ठरली. दार दोन पावलांवर होतं आणि माझे पाय माझ्याआधी उठायला निघाले होते. मी टेबलाची कड धरली. मरायचं तर बसून मरू, असा विचार केला. त्यात धैर्य नव्हतं, मास्तर वाटेत बसले होते.

“पानी?” मास्तरांनी विचारलं.

“नहीं.”

ती आणखी चढली. इथे मी नेहमी पळायचो. या पलीकडे मी कधी गेलोच नव्हतो. कानांत मशीनच्या घरघरीहून मोठा आवाज होता. मी तुकड्यावर नजर रोवून बसलो. आणि मग, अगदी थोडीशी, ती उतरली. मला वाटलं भास झाला. पुन्हा उतरली. घसा सैल झाला, बोटं माझी झाली. सदरा पाठीला चिकटला होता. मी हृदयाच्या तीन पट्ट्या काढल्या होत्या, पण ते खरोखर ठणठणीत आहे हे मला पहिल्यांदा तेव्हा पटलं.

मग रंग दिसला.

“लाल कम है,” मी म्हणालो. “थोडा और चढाना पडेगा.”

मास्तरांनी तुकडा उचलला, दिव्याखाली फिरवला, डोळे बारीक केले. वेळ लावला. माझ्या बाजूने बोलायची त्यांना काही गरज नव्हती.

“मने पण एम ज लागे छे,” ते पुटपुटले. मलाही तसंच वाटतंय. ते उठले, बाहेर ओरडून लाल वाढवायला सांगितलं आणि दारातच थांबले.

“खुला रखूं?”

“नहीं, बंद कर दो,” मी म्हणालो. “बाहर की रोशनी आती है.”