अक्कांनी कूलर बंद केला

"कागद ऱ्हाऊ दे भाऊ, चालाडीसन दखाड."

कागद राहू दे, चालवून दाखव. धुळ्याच्या मुलींच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभ्या राहून अक्का हे कुणालाही ऐकवायच्या. मग तो माझ्यासारखा विक्रेता असो, प्रिंटरची शाई भरणारा असो, नाहीतर तपासणीला आलेले साहेब असोत. बोलता बोलता त्यांचा पालथा हात समोरच्या यंत्रावर गेलेला असायचा, लेकराचा ताप बघतात ना, तसा.

अक्का तिथल्या लॅब असिस्टंट. गाव शिंदखेड्याकडचं, आणि अहिराणी इतकी पक्की की प्राचार्यांशीसुद्धा त्याच भाषेत. प्राचार्यही त्यांना अक्काच म्हणायचे. माझं जळगावात कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी जरा तापट माणूस, आणि बोलायला लागलो की घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यामुळे अक्कांची आणि माझी पहिल्यापासून जुंपायची. पारोळा गेलं की गाडीत मी एकटाच त्यांना द्यायची उत्तरं पाठ करायला लागायचो. लॅबच्या दारात पोचेपर्यंत त्यातलं एकही आठवायचं नाही.

खंडेनवमीला त्या प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायच्या. एका वर्षी मी हजर होतो. तिसऱ्या रांगेतल्या एका यंत्राला फूल नव्हतं.

"अक्का, हा राहिला की."

"ऱ्हायना नही. त्याले नही देस मी. पोरीस्ले रडाडस तो."

मी हसलो. मग विभागप्रमुख सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मे महिन्यातल्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक मुलगी त्या यंत्रावर पंपाच्या झाकणाचं चित्र काढत होती. लाईट गेली, कूलर थांबला, यूपीएसवर यंत्र तापत गेलं आणि बंद पडलं. दोन तासांचं काम गेलं. पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडली आणि त्या विषयात राहिली. ते यंत्र कुठलं होतं म्हणता? माझ्याच दुकानातलं! मी दाखवलेल्या कागदावर भरवसा ठेवून अक्कांनी 'चांगले आहेत' असा शेरा दिला होता. "तेव्हापासून मे महिना आला की त्यांना झोप येत नाही," सर म्हणाले. माझं हसू तिथेच मावळलं.

पुढच्या वर्षी लॅबसाठी नवे लॅपटॉप घ्यायचं ठरलं. त्याच सुमाराला एका कंपनीनं दुसऱ्यांचे प्रोसेसर घेणं सोडून स्वतःचाच प्रोसेसर बनवला होता. प्रोसेसर म्हणजे आतली ती एवढीशी चिप, सगळा कारभार तिच्यावर. वर्षानुवर्षं ज्यांचं नाव चालत आलं त्या प्रोसेसरवाल्यांना आम्ही मागे टाकलं, असं कंपनीचं म्हणणं. त्यांचे लॅपटॉप मी दुकानात विकायचो, म्हणून मला रंगीत तक्ते पाठवले होते. एकीकडे उंच निळा खांब, शेजारी बुटका करडा खांब.

मी खरेदी समितीपुढे तक्ता लावला. प्राचार्य, विभागप्रमुख, आणि दाराशी अक्का.

"हाऊ उंच कोना?" अक्कांनी विचारलं.

"आमचा."

"आनि बुटका?"

"समोरच्यांचा."

"मंग हाऊ कागद कोनी काढा?"

"आमच्याच कंपनीनं."

"मंग उंच खांब तुम्हनाच ऱ्हाई ना भाऊ!"

प्राचार्यांना ठसका लागला. मी चिडलो. म्हटलं, ठीक आहे, चालवूनच दाखवतो. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, एक नवा, एक जुन्या नावाजलेल्या प्रोसेसरचा. वेग मोजायचा प्रोग्राम दोन्हींवर लावला. आमचा भराभर सुटला, दुसरा मागे पडला. मी विजयी नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं.

अक्का आल्या. एकावर पालथा हात, मग दुसऱ्यावर. मग मान वर करून कूलरकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझा लॅपटॉप मी कूलरच्या थेट झोतात ठेवला होता आणि दुसरा खिडकीपाशी, उन्हात. मुद्दाम!

अक्कांनी दुसरं यंत्र सावलीत, माझ्याच्या शेजारी आणलं आणि कूलर बंद केला.

"अक्का, मे महिना आहे हो!" प्राचार्य कळवळले.

"परीक्षा बी मे मजारच ऱ्हास साहेब." मग खाली वाकून त्यांनी दोन्ही चार्जरच्या पिना उपटल्या. "आनि लाईट बी मे मजारच जास."

दुपारचे दोन. पाच मिनिटांत प्राचार्यांचा रुमाल ओला झाला. विभागप्रमुखांना एक अत्यंत महत्त्वाचा फोन आला, तो घ्यायला ते जिन्यातल्या गार सावलीत गेले आणि तिथेच रमले. मला वाटलं, संपलं आपलं. पण गंमत अशी, की जुन्या प्रोसेसरचा पंखा पिठाच्या गिरणीगत ओरडायला लागला आणि त्याचा वेग निम्म्यावर आला. आमचा होता तसाच चालला होता, बिनआवाज. कागद खरा निघाला! मला नाचावंसं वाटलं. खरं सांगतो, त्या तक्त्यावर माझाच विश्वास नव्हता, नाहीतर कूलरची लबाडी कशाला केली असती?

"आते परीक्षानं चित्र उघाड," अक्का म्हणाल्या.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. परीक्षेला लागणारा चित्र काढायचा प्रोग्राम जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. आमच्या यंत्रावर तो उघडेचना. मी तीनदा बटण दाबलं. चौथ्यांदा देवाचं नाव घेऊन दाबलं. पडद्यावर काही नाही.

"ली जाय भाऊ," लॅपटॉपकडे बोट करत अक्का शांतपणे म्हणाल्या, आणि माझ्या हातात कैरीच्या पन्ह्याचा ग्लास दिला. "पळाले चांगला शे. पन मन्ह्या पोरीस्ले त्यावर बसता येत नही."

जळगावपर्यंत मी स्टिअरिंगवर हात आपटत आलो. राग अक्कांचा नव्हता. ह्या बाईसमोर आपण दुसऱ्यांदा कागद घेऊन गेलो, याचा होता. तीन आठवडे मी त्या प्रोग्रामवाल्यांच्या डोक्यावर बसलो. नव्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती त्यांनी नुकतीच काढली होती, ती मिळवली आणि पुन्हा धुळं गाठलं. या खेपेला तक्ता नेला नाही. कूलर मी स्वतः बंद केला, चार्जरच्या पिनाही मीच काढल्या.

अक्का हसल्या. ओचा खोचला, चष्मा पुसला आणि चक्क खुर्चीवर बसल्या. "सर, तुम्ही त्यावर बसा," त्यांनी विभागप्रमुखांना जुन्या प्रोसेसरपुढे बसवलं. "मी यावर. पेपर तोच, तीन तासना."

पेपर त्या रडलेल्या मुलीचा होता. पंपाचं झाकण.

"अक्का, तुम्हाला येतं हे?" प्राचार्यांनी विचारलं.

"बारा वरीस पोरीस्ना मांगे उभी शे साहेब. भिंत बी शिकी जाती."

आणि काय सांगू तुम्हाला! बाई रेघा मारत सुटल्या. लॅबभर मुली जमल्या. कुणी सरांच्या बाजूनं, बहुतेक अक्कांच्या. पहिल्या तासात सर पुढे होते. त्यांच्या यंत्रावर चित्र चटकन उघडलं होतं, अक्कांच्या यंत्रानं उघडायलाच वेळ लावला होता. दुसऱ्या तासात सरांच्या यंत्राची गिरणी सुरू झाली, वर्तुळ काढलं की ते उमटायला वाट बघायची पाळी. दोन तास व्हायच्या आत त्याची बॅटरी संपली. सर घाम पुसत उठले आणि अक्कांच्या मागे येऊन उभे राहिले. अक्कांनी शेवटची रेघ मारली तेव्हा मुलींनी इतक्या टाळ्या पिटल्या की वरच्या मजल्यावरचे मास्तर धावत आले.

अक्कांनी यंत्रावर पालथा हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"उघडाले उशीर करस," त्या म्हणाल्या, "पन शेवटलोंग साथ देस. लई आन, भाऊ."

शेऱ्यात त्यांनी उशीर करतो हेही लिहायला लावलं. मला ते सुरुवातीला खुपलं, मग पटलं.

लॅपटॉप लागले, आणि पुढच्या एप्रिलअखेर अक्का निवृत्त होऊन गावी गेल्या. मे महिन्यात परीक्षा आली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण दुकानात मन लागेना. मी लॅबच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. साडेबाराला लाईट गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला. मी ताडकन उठलो. खिडकीतून पाहिलं, तर एकाही पोरीनं मान वर केली नव्हती. ओढणीनं कपाळ पुसत होत्या आणि रेघा मारत होत्या. पाऊण तासानं लाईट आली, तीही बऱ्याच जणींना कळली नाही.

पेपर संपल्यावर मी अक्कांना फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"लाईट गयथी?"

"गेली होती अक्का. पाऊण तास."

"मंग?"

"सगळ्या पोरींचं चित्र पूर्ण झालं."

"कोनी रडनं नही?"

"कुणीच नाही."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"अक्का, तुम्ही रडताय का?"

"हट! मिरच्या कुटाले बठेल शे मी."

मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो. कुटण्याचा आवाज काही येत नव्हता.