शेवंतीला फसवणारे साडूभाऊ

सूर्याने कधी उगवावं आणि कधी मावळावं हा सूर्याचा खाजगी प्रश्न आहे, असं न मानणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. लोणी काळभोरला त्यांचं शेवंतीचं पॉलिहाउस आहे. रात्र मोठी झाली की शेवंतीला कळी धरायची घाई होते. म्हणून साडूभाऊ रोज रात्री तिच्या डोक्यावर दिवे लावतात. झाडाला वाटतं, दिवस अजून मोठेच आहेत, आणि ते निमूट उंच होत राहतं. दांडा मनासारखा वाढला की दिवे बंद. मग अंधारात कळ्या. “आयुष्यात मी फक्त शेवंतीला फसवलं,” ते म्हणतात, “बायकोला फसवाय गेलो, ते जमलं न्हाई.”

हा उद्योग त्यांच्या अंगात इतका भिनलाय, की कसबा पेठेत आमच्याकडे आले तरी आधी ट्यूबलाइटची विचारपूस करतात, मग माझी. भाचा नापास झाला तेव्हा सगळे त्याला रागावत होते आणि हे त्याच्या टेबलावरचा दिवा इकडून तिकडे सरकवत होते. एकदा माझ्या टकलाकडे बराच वेळ बघून म्हणाले, “उजेड भरपूर हाय, पण उगवत कायच न्हाई.”

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मांडवाची सगळी फुलं त्यांनी अंगावर घेतली. पुढे जावयाची रजा नामंजूर झाली आणि लग्न महिनाभर पुढे गेलं. मी घाबरून फोन केला. “अहो, फुलं आधीच उमलली तर?”

“दिवे चालू हायत अजून. थांबतील की फुलं! तुम्ही गप जेवा.”

या उत्तराने मी इतका भारावलो, की आमच्या गॅलरीतल्या एकुलत्या एका शेवंतीवरही बल्ब टांगला. मुलीच्या वेणीत बापाच्या हातचं एक तरी फूल असावं, असं मनात होतं. समोरच्या काकूंनी विचारलं, “आपण दवाखाना काढलाय का?” मी त्यांना प्रकाशाचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

लग्नात मांडव पांढऱ्याशुभ्र शेवंतीने भरून गेला. दांडे असे सरळ, की वऱ्हाडी फुलांसोबत फोटो काढून घेत होते. माझ्या झाडाला मात्र पानंच पानं, कळी एकही नाही. पाठवणीनंतर साडूभाऊ घरी आले, तेव्हा त्यांनी ते पाहिलं.

“दिवा बंद कधी केला?”

“बंदही करायचा असतो?” मी विचारलं.

ते हसले नाहीत. त्यांनी हळूच बल्ब काढून माझ्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसले. आत बायका आवराआवर करत होत्या. मुलीच्या खोलीचं दार उघडंच होतं.

“आम्हांला मुलगी न्हाई,” ते म्हणाले. “लग्न लांबलं तवा तुम्ही घाबरला होता. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरगी अजून एक महिना आपली. मग दिवे बंद करायचा दिवस आला, तर हातच उठंना.”

एरवी कशावरही भाषण देणारा मी. पण एवढंच विचारलं, “चहा टाकू?”

“टाका,” ते म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसले.