घंटागाडीचं यमक

"शेखसाहेब, तुमच्या गाण्यानं माझी गाडी अडवलीय!"

फोनवर नगरपंचायतीचे मुख्याधिकारी होते. मी त्या वेळी भोकरदनच्या एका कोचिंग क्लाससाठी 'डॉक्टर' या शब्दाला यमक शोधत बसलो होतो. इंजिनिअरचं आधीच्या ओळीत भागलं होतं. मी म्हटलं, "साहेब, गाणं कसं काय गाडी अडवेल?"

"विनोद नकोत. वस्तीतल्या बायकांनी घंटागाडी धरून ठेवलीय. म्हणतात, गाण्यात तसं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय ना? मग ताबडतोब या."

मला ताबडतोब कुणी बोलावत नाही. लग्नाच्या गाण्यासाठीसुद्धा नवरीला हळद लागल्यावर लोकांना माझी आठवण होते. त्यामुळं मी वही बंद केली आणि निघालो.

मी गीतकार आहे. घनसावंगीत राहतो, घरी उर्दू बोलतो आणि पोट मराठीवर भरतो. सिनेमासाठी लिहीत नाही. कापडदुकानं, दूध डेअऱ्या, क्लासेस आणि निवडणुकीतले उमेदवार हे माझे रसिक. एकाच वॉर्डातून दोघे उभे असले तर मी दोघांनाही गाण्यात विजयी करतो. संगीतानं समाज बदलतो का, असं मला कधी कधी विचारतात. हातात माईक असेल तर मी हो म्हणतो.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे आशा. गिऱ्हाईक कोणीही असो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "जरा आशावादी होऊ द्या, निगेटिव्ह नको." मी 'पहाट', 'किरण' आणि 'उद्या' हे तीन शब्द टाकून देतो. सामाजिक न्यायाच्या गाण्यांनाही बरी मागणी असते, विशेषतः जयंत्यांच्या आसपास. त्यात अट एकच. अन्याय होतो असं खुशाल लिहा, कोण करतं ते लिहू नका. ही अट पाळली की कोणत्याही पक्षाच्या स्टेजवर गाणं चालतं.

घंटागाडीच्या गाण्याची ऑर्डरही तशीच आली होती. गावाचं नाव सांगत नाही. जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आणि मला तिथून अजून कामं मिळतात. कचऱ्याची नवी गाडी आली होती. तिच्यावर वाजवायला गाणं हवं होतं. "स्वच्छता, आशा, सर्वांना समान सेवा आणि नगराध्यक्षांचं नाव," एवढा मजकूर मुख्याधिकाऱ्यांनी सांगितला. नगराध्यक्षांना सगळे आण्णासाहेब म्हणतात. मी मुखडा दिला. मुखडा म्हणजे गाण्यातला तो भाग, जो फिरून फिरून येतो आणि लोकांच्या डोक्यात बसतो.

एकही दार सुटायचं न्हाई, गाडी दारोदारी,
आण्णासाहेब आपले, गावाचे कारभारी!

'दारोदारी'ला 'कारभारी'. यमक चोख होतं. गाडी खरंच दारोदारी जाते का, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तेल लावून बघून कोणी तेलाच्या जाहिरातीचं गाणं लिहीत नाही. आण्णासाहेबांना मुखडा एवढा आवडला की त्यांनी तो स्वतःच्या मोबाइलला रिंगटोन म्हणून लावला. शोकसभेतसुद्धा तो वाजला, असं ऐकलं.

जीपनं मला नाल्याच्या पुलावर सोडलं. पलीकडं वस्ती. गाव झाडणारी, गटारं काढणारी बहुतेक माणसं इथं राहतात. वस्तीच्या मागं कचरा डेपो. म्हणजे सगळ्या गावाचा कचरा घेऊन गाडी रोज वस्तीतूनच जाणार, अशी सोय कोणीतरी विचारपूर्वक केलेली आहे.

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. पुढं बायका, प्रत्येकीच्या हातात कचऱ्यानं भरलेली बादली. आणि गाणं जोरात चालू. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अरे, आवाज तरी बंद कर."

"कसा करू, शेखभाई? स्पीकर चावीवर जोडलाय. चावी फिरवली की गाडी बंद. अन् गाडी नवी, पण स्टार्टर गेलेलं हाय. या बाया धक्का मारत्याल का मला?"

तेव्हा सगळं बोलणं माझ्याच गाण्याच्या साथीनं झालं. आपली कलाकृती सलग इतका वेळ ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

बायकांच्या पुढं गयाबाई होत्या. या गावात कामानिमित्त आलो की पहाटे मेन रोड झाडताना दिसायच्या, त्याच. नगरपंचायतीच्या सफाई ठेकेदाराकडं कामाला आहेत. मला बघून म्हणाल्या, "या शेखभाई. हे तुम्हीच लिवलंय न्हवं?"

"मीच लिहिलंय, मावशी."

"बराबर लिवलंय. एकही दार सुटायचं न्हाई. मंग हे काय हाय?" त्यांनी आपल्या पत्र्याच्या घराकडं हात केला. "हे दार हाय का न्हाई, ते सांगा आधी."

दार होतं. मी तसं सांगितलं.

"रोज आमच्या दारावरून गाडी जाऊन राह्यली. भरून येती, तिकडं रिकामी होती, अन् रिकामी परत जाती. आमची बादली तेवढी घेत न्हाई. आमी काय करावं? टाकतो नाल्यात. नात माझी जालन्याला दवाखान्यात पडलीय, डेंगूनं. डॉक्टर म्हन्ला, घराजवळ घाण साचू देऊ नका. म्या म्हन्लं, साहेब, घाण न्यायची गाडी येती की रोज. फक्त दुसऱ्याची घाण घेऊन येती."

ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "मावशी, रूटमधी वस्ती न्हाई. गाडीला जीपीएस हाय. इथं थांबलो की लगेच फोन येतो, का थांबला म्हणून."

"अन् आज थांबलास, मंग आला का फोन?"

"आला ना. म्हणून तर हे शेखभाई आले."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मी फक्त एवढंच म्हटलं की साहेबांशी बोलून येतो, तोवर गाडी सोडा. गयाबाईंनी सोडली. सोडताना मात्र सगळ्याजणींनी आपापल्या बादल्या गाडीत रिकाम्या केल्या.

नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांचा निर्णय तयार होता. तरुण अधिकारी, भराभर निर्णय घेणारे. "दोन गोष्टी. एक, ती गयाबाई. ठेक्यावर काम करते आणि आमचीच गाडी अडवते. उद्यापासून तिला काढा म्हणून ठेकेदाराला सांगतोय. दोन, गाण्यातली ती 'एकही दार'वाली ओळ काढा."

"साहेब, वस्ती रूटमध्ये घेतली तर दोन्ही गोष्टी कराव्या लागणार नाहीत."

"रूट बदलणं एवढं सोपं नसतं. त्याला प्रक्रिया असते. ओळ बदलणं सोपं आहे."

साहित्याबद्दल इतकं स्पष्ट मत मी आधी ऐकलं नव्हतं. सगळ्या गावात सगळ्यात स्वस्तात काय बदलतं, तर शब्द.

मी त्यांना आमच्या कामातली अडचण समजावली. "साहेब, दोन ओळी एकमेकींच्या टेकूवर उभ्या असतात. त्यालाच यमक म्हणतात. वरची 'दारोदारी' काढली तर खालची 'कारभारी' लोंबकळते."

"मग खालची बदला."

"खालच्या ओळीत आण्णासाहेब आहेत. त्यांना तुम्ही सांगता, का मी सांगू?"

साहेब पाणी प्यायले. म्हणाले, "ठीक. खालची राहू द्या. वरची अशी बदला की यमक टिकेल. गाडी येते... ठराविक दारी?"

"बसतं, साहेब. फक्त ठराविक म्हणजे कोणती, असं लोक विचारतील."

"मग, शक्यतो दारी?"

"तेही बसतं."

"तुम्ही गीतकार आहात, तुम्ही सुचवा काहीतरी! फक्त वस्तुस्थितीला धरून पाहिजे. उगाच आश्वासन नको."

माझ्या उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकानं वस्तुस्थिती मागितली नव्हती. एवढी चांगली संधी सोडवेना. मी डोळे मिटले, टेबलावर ताल धरला आणि गाऊन दाखवलं:

काही दारं सुटायची, गाडी मेन बाजारी...

चालीत चपखल बसलं. मात्रा बरोबर, यमक बरोबर. खरं बोललेलंही चालीत बसतं, हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांचा चेहरा खुलला. "हे चालेल. अगदी वस्तुस्थिती आहे. काय हरकत आहे?"

"हरकत काही नाही. पुढची ओळ तेवढी घ्या." मी पूर्ण मुखडा गायलो:

काही दारं सुटायची, गाडी मेन बाजारी,
आण्णासाहेब आपले, गावाचे कारभारी!

दारात चहा घेऊन आलेला शिपाई खुदकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी उठून दार लावलं. आशेच्या ओळीखाली आण्णासाहेबांचं नाव आलं की ती स्तुती होती. खऱ्या ओळीखाली तेच नाव आलं की तक्रार झाली. शब्द तेच, फक्त शेजार बदलला.

तेवढ्यात बाहेरून माझंच गाणं ऐकू आलं. आधी वाटलं, गाडी आली. पण तो आण्णासाहेबांचा मोबाइल होता. दार उघडून ते आत आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय ऐकून राह्यलो मी? बायांनी गाडी अडवली म्हणं?"

मुख्याधिकारी उभे राहिले. "किरकोळ प्रकार आहे, आण्णासाहेब. एक कर्मचारी बाई आहे, तिनं चिथावलं. कारवाई करतोय."

"कशापायी अडवली पण?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी सरळ सांगून टाकलं. "आण्णासाहेब, बायांना तुमचं गाणं तोंडपाठ आहे. त्या म्हणतात, आण्णासाहेबांनी एकही दार सुटणार नाही म्हणून शब्द दिलाय. मग आमचंच कसं सुटलं?"

आण्णासाहेब गंभीर होतील असं मला वाटलं होतं. ते खूश झाले. "तोंडपाठ? वस्तीतल्या बायांना? पूर्ण?"

"तुमच्या नावासकट."

"अन् तुम्ही त्या बाईला काढून राह्यले?" ते मुख्याधिकाऱ्यांवर उखडले. "अहो, इलेक्शन तोंडावर हाय. माणसं पैसे देऊन गाणं पाठ करून घेत्यात, इथं फुकट पाठ झालंय. सत्कार करा तिचा! अन् गाडी उद्यापासून वस्तीत धाडा, जल्दी."

"पण रूटची प्रक्रिया..."

"गाण्यात काय लिवलंय? दारोदारी. मंग?"

प्रक्रिया तिथंच पूर्ण झाली.

सत्कार पुढच्याच आठवड्यात झाला. गयाबाईंना 'स्वच्छतादूत' केलं. त्यांना काढायला निघालेल्या मुख्याधिकाऱ्यांनीच प्रास्ताविकात त्यांच्या जागरूकतेचं कौतुक केलं. शाल आणि श्रीफळ हातात आल्यावर माईक गयाबाईंपुढं धरला गेला. मला वाटलं, आता दोन शब्द आभाराचे होतील. त्या म्हणाल्या, "शाल थंडीत कामाला यील. गाडी चार दिस आली, परवा न्हाई आली. तेवढं बघा." आण्णासाहेबांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनी.

त्यानंतर गाडी नियमानं जाऊ लागली. मी मुद्दाम एकदा वस्तीत जाऊन बघून आलो. गाडी थांबत होती, बादल्या रिकाम्या होत होत्या. गयाबाईंची नात दवाखान्यातून घरी आली होती आणि पायरीवर बसून माझं गाणं चुकीच्या सुरात म्हणत होती. मला बरं वाटलं. एरवी मी गाण्यात आनंद ऑर्डरीप्रमाणं भरतो, पण हा बिनऑर्डरीचा होता. त्याच वेळी रागही आला. एका पोरीच्या घरासमोरचा कचरा उचलायला तिचा आजार पुरला नाही, आजीची विनवणी पुरली नाही. माझं बनावट यमक पुरलं. न्याय मिळाला हे खरं, पण तो न्यायाच्या नावानं मागितला असता तर अजून प्रक्रियेत असता.

या अनुभवातून मी धडा घेतला की नाही, ते सांगता येत नाही. मुख्याधिकाऱ्यांनी मात्र घेतला. परवा त्यांचा फोन आला. नळाला पाणी सोडण्याआधी सगळ्या वॉर्डांत भोंग्यावर गाणं वाजवायचं ठरलंय.

"अर्जंट पाहिजे, शेखसाहेब. पण या वेळी एक बदल आहे."

"आशा कमी टाकू?"

"नाही, नाही. शब्दच नकोत. नुसती धून द्या."

आयुष्यभर लिहिलेल्या शब्दांची एवढी मोठी दाद मला आजवर मिळाली नव्हती. मी काम घेतलं. धून आमच्या कीबोर्डवाल्यानं बांधली. मी शेजारी बसून त्याला एवढंच सांगितलं की सोपी ठेव, बायाबापड्यांना सहज गुणगुणता येईल अशी, आणि मधे त्यांना आपले शब्द बसवायला भरपूर जागा सोड.