भेळेबरोबर खाल्लेला इतिहास

पहिल्या वर्षाचं इतिहासाचं पुस्तक मी भेळेबरोबर खाल्लं.

माझी शाळा सातवीतच सुटली. आमचं खर्ड्याकडचं बिऱ्हाड दर साली ऊसतोडीला जायचं. आता आम्ही नवरा-बायको जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, राजूरला, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतो. तिथल्या पोरींनीच माझे मुक्त विद्यापीठाचे फॉर्म भरले. आधी पूर्वतयारीचा, मग बी.ए.चा. (त्यांचे उपकार मी भाकरी जरा मोठी थापून फेडते.) पहिलं वर्ष पास झालीस तर मदतनीस अधीक्षिका करू, असं वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या आणि मी त्याच रात्री पुस्तक काढून बसले.

अभ्यास कसा करतात, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती ऊसतोड! म्हणून मी ते जाडजूड पुस्तक उसवलं, वीस-वीस पानांच्या मोळ्या बांधल्या आणि रोज एक मोळी कमरेला खोचून, पीठ मळता मळता वाचू लागले. फडात मोळी एकदा गाडीत चढली की तिच्याकडं कुणी वळून बघत नाही. तशी वाचून झालेली मोळी मी ह्यांच्या हवाली करायचे. हे खूश. दर आठवडी बाजारातून माझ्यासाठी भेळ आणायचे. "लई डोकं चालवतीस, खा." मला वाटायचं, नवरा असावा तर असा.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा अभ्यासकेंद्रावरचे सर म्हणाले, आता सगळ्याची उजळणी करा. वाचलेलं पुन्हा वाचायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन मोळ्या मागितल्या.

"त्या व्हय? भेळवाल्याला दिल्या. तुजी भेळ फुकट कशी येत हुती मग?"

"अन आता परीक्षा?"

"तोडलेला फड परत कुनी तोडतं का?"

तोडावा लागला. सरांकडं दुसरं पुस्तक मागायची लाज वाटली, म्हणून दोघं बाजारात गेलो. भेळवाल्यानं उरलेल्या दोन मोळ्या परत दिल्या. तिसरीची पानं गिऱ्हाइकांच्या हातात होती. मी एकेकाच्या मागं जाऊन उभी राहिले.

"भाऊ, जरा उरका. माजं चौथं प्रकरन हाय ते."

त्यानं घाबरून अर्धी भेळ तशीच माझ्या हातात दिली.

बाकीची पानं कधीच गेली होती. त्यांची भेळ मीच तर खाल्ली होती. जी हाती लागली ती आम्ही दोरीवर वाळवली. ह्यांनी कांदा चिरता चिरता त्यातले प्रश्न विचारले, तेही डोळे पुसत. (कांद्यामुळं, असं ते म्हणतात.) परीक्षेत चिंचेच्या डागाखालचं सगळं मला धडाधड आठवलं.

पास झाले. काठावर, पण पास! पोरींनी मला उचलून नाचवायचं ठरवलं होतं; उचलेपर्यंत त्या दमल्या.

आता त्या मला अभ्यासाच्या सवयी विचारतात. मी नव्या मदतनीस अधीक्षिकेच्या तोऱ्यात सांगते, पुस्तक उसवू नका, उजळणी चुकवू नका. पण परवा माझी दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आली, कोऱ्या पानांचा वास आला, आणि खरं सांगते, आधी तोंडाला पाणीच सुटलं.